स्पोर्ट्स कार्डांचं ऑनलाइन दुकान काढायचं का? आधी वहीत काढा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीत झोपलं कोण होतं? स्मृती मानधना आमच्या माधवनगरची. पुढच्याच रविवारी भाचा माझ्या विश्रामबागेतल्या स्टेशनरीच्या दुकानात आला आणि काउंटरवर खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांचा अल्बम उघडून म्हणाला, "मामा, आता क्रिकेटची कार्डं तेजीत येणार बघा. मी ऑनलाइन दुकान काढतो. नावसुद्धा ठरवलंय."

मी म्हटलं, "काढ की. पण आधी वहीत काढ."

तो रुसला. पण दोन-तीन रविवार बसून आम्ही वहीत जे मांडलं, ते या धंद्याचा विचार करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथं लिहितोय. मी काही मोठा संग्राहक नाही. पंचवीस वर्षं वह्या-पेनं विकली, मधे तीन हंगाम आयपीएलच्या कार्डांची पाकिटं विकली आणि त्यात एकदा चांगला आपटलो. तेवढाच माझा अधिकार.

आधी ठरवा, विकणार नेमकं काय

'स्पोर्ट्स कार्ड' या एका नावाखाली तीन वेगळे धंदे आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पहिला धंदा सीलबंद पाकिटांचा आणि डब्यांचा. टॉप्स कंपनीची 'क्रिकेट अटॅक्स', फुटबॉलची 'मॅच अटॅक्स', पानिनीची 'अ‍ॅड्रेनलिन' असा हा माल. छापील किंमत ठरलेली, नफा किरकोळ दुकानदाराचा. गिऱ्हाईक शाळकरी पोरं आणि त्यांचे आईबाप.

दुसरा धंदा सुट्या कार्डांचा. पाकीट फोडून किंवा कुणाचा तरी संग्रह विकत घेऊन एकेक कार्ड विकायचं. खेळाडूची सही असलेली, मागं '२५/९९' (नव्व्याण्णवपैकी पंचविसावं) असा अनुक्रमांक छापलेली, जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं यात येतात. नफा इथं आहे आणि वेळही इथंच जातो.

तिसरा धंदा ग्रेड केलेल्या कार्डांचा. अमेरिकेतल्या पीएसएसारख्या संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य तपासून १ ते १० गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. तेच कार्ड ९ गुणांचं आणि १० गुणांचं यांच्या भावात कित्येकदा दुपटीहून जास्त फरक पडतो. सांगलीत बसून नवख्यानं या तिसऱ्यात पडू नये. कार्ड समुद्रापार पाठवायचं, फी भरायची, महिनोन्‌महिने वाट बघायची आणि परत येताना कस्टम्सचं काय होतंय याची धाकधूक. भांडवल भरपूर असेल तर गोष्ट वेगळी.

भाच्याला तिन्ही करायचे होते. वहीत एकच लिहायला लावला. त्यानं सुटी क्रिकेट कार्डं लिहिली. बरोबर केलं, कारण त्यातलं त्याला कळतं. चांगलं कार्ड आणि नुसतं चकचकीत कार्ड यांतला फरक तो अंधारातसुद्धा अंगठ्यानं सांगेल.

मागितलेला भाव आणि झालेला सौदा

मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काय भाव होता, हे कुणी लिहून ठेवत नाही. पट्टीवर येतो तो झालेला भाव. कार्डांच्या दुनियेत नेमकं उलटं चालतं. इन्स्टाग्रामवर कुणी एका कार्डाला पाच हजार मागितले की बघणारा धरून चालतो, याची किंमत पाच हजार. ते कार्ड वर्षभर तिथंच पडून आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून पायरी अशी. तुम्ही विकू पाहता त्या प्रकारची तीस कार्डं निवडा. फार महाग नकोत आणि कचराही नको. प्रत्येकाचे झालेले सौदे शोधा. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा गाळणीचा पर्याय आहे, तो लावला की मागणीचे भाव गळून पडतात आणि खरे उरतात. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, पण परदेशी संकेतस्थळावरचे भाव बघायला कुणी अडवत नाही. मात्र तो भाव डॉलरचा आणि गिऱ्हाईकही तिकडचं. भारतातला भाव हवा तर व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि फेसबुकच्या संग्राहकांच्या गटांत महिनाभर गप्प बसून राहा. 'गेलं', 'सोल्ड', 'बुक्ड' असे शेरे पडतात, ते तारखेसह टिपा.

वहीत चार रकाने करा: कार्ड, झालेला भाव, तारीख, विकायला किती दिवस लागले. या चौथ्या रकान्याकडं कुणी बघत नाही, आणि दुकान बुडतं ते त्याच्यामुळंच. भाच्याच्या तीस कार्डांपैकी अकरा कार्डांचा महिन्याभरात एकही सौदा झालेला दिसला नाही. त्यात त्याची सगळ्यात लाडकी चार होती.

आता त्या मोठ्या बातम्यांविषयी. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ चं टॉप्सचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आपल्या हिशेबानं शंभर कोटी रुपये! ही बातमी वाचून माळ्यावरचे डबे काढणारे पुष्कळ. पण ते कार्ड एवढं दुर्मीळ का? त्या वर्षी न खपलेल्या कार्डांची खोकीच्या खोकी टॉप्सनं पुढं समुद्रात नेऊन बुडवली, असं त्या कार्डांचे रचनाकार साय बर्गर स्वतः सांगत. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी कार्डांना भाव येतोय म्हटल्यावर अमेरिकेत कंपन्यांनी इतकी छापली, आणि लोकांनी इतकी जपून ठेवली, की त्या काळातली बहुतेक कार्डं आजही कवडीमोल आहेत. जे सगळेच जपतात त्याला भाव येत नाही. आपल्याकडच्या आयपीएलच्या साध्या कार्डांना हेच लागू. पोरांना ती हवी असतात, संग्राहकाला नको असतात.

पोस्टाच्या एका पाकिटाचा हिशेब

इथं मी भाच्याला पूर्ण एक दुपार बसवला. सगळा धंदा या एका पाकिटात आहे.

समजा, ८० रुपयांना घेतलेलं कार्ड तुम्ही १५० ला विकलं, पोस्टखर्च आपल्याकडं. नफा ७० वाटतो. आता पॅकिंग बघा. पातळ स्लीव्ह (कार्डाच्या मापाची प्लॅस्टिकची पिशवी), त्यावर कडक टॉपलोडर (वरून उघडं जाड प्लॅस्टिकचं कव्हर), तोंड बंद करायला रंगाऱ्याची टेप, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, बुडबुड्यांचं पाकीट. घाऊक भावानं आणलं तरी २५ रुपये धरा. टॉपलोडरला साधी चिकटपट्टी लावू नका. गिऱ्हाईक ती ओढून काढताना कार्ड बाहेर येतं, कोपरा दुमडतो आणि शिव्या तुम्हाला. पोस्टाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला आपल्या शहराबाहेर देशात कुठंही ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५५ रुपयांच्या वर. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्याला देणाऱ्या कंपनीचे) दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून साडेतीन रुपये. बेरीज करा: ८० + २५ + ५५ + साडेतीन. १६३ रुपये ५० पैसे.

विकलं १५० ला. साडेतेरा रुपयांचा तोटा, आणि तुमचा अर्धा तास फुकट.

भाचा म्हणाला, "मग पोस्टेज वेगळं लावू." लावा. पण १५० च्या कार्डाला २१० द्यायला माणूस दोनदा विचार करतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या विचारात निघून जातो.

आता त्याच गिऱ्हाईकानं पाच कार्डं एकदम घेतली तर? विक्री ७५०. खरेदी ४००, पॅकिंग ४० (टॉपलोडर एकच, बाकी स्लीव्हमध्ये), वजन वाढल्यामुळं पोस्ट ८०, गेटवे १८. उरले २१२. तेच कार्ड, तोच भाव, पण आता धंदा आहे. यातून आम्ही वहीत नियम काढला: ५०० च्या खालची ऑर्डर घ्यायची नाही, आणि गिऱ्हाईकाला दोन-तीन आठवडे कार्डं बाजूला ठेवून एकदम मागवायची मुभा द्यायची. स्वस्त कार्डं सुटी विकायचीच नाहीत. एखाद्या संघाची, एखाद्या खेळाडूची जुडी करून विकायची.

वेळेचाही हिशेब करा. एका कार्डाचे पुढून-मागून फोटो, कोपऱ्याचा जवळून फोटो, वर्णन, मग 'दादा, फायनल किती?' अशा पाच-सात निरोपांना उत्तरं, पॅकिंग आणि पोस्टात रांग. कार्डामागं वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. निव्वळ नफा २० रुपये असेल तर तासाला पन्नास-साठ रुपयांची मजुरी झाली.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नका. माणूस हौसेनं मागवतो, पाकीट दारात येईपर्यंत हौस उतरलेली असते, आणि जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या माथी.

माल येणार कुठून

सीलबंद मालाला वितरक गाठावा लागतो आणि तो एकदोन डब्यांसाठी तुमच्याकडं बघत नाही. मी आपटलो तो इथंच. एका हंगामात आयपीएल अर्धी उलटल्यावर एका वितरकानं 'परत घेतो' म्हणून बारा डबे माथी मारले. हंगाम संपला, फोन उचलेनासा झाला. संघ बदलले, खेळाडू बदलले, मागच्या वर्षीच्या पाकिटाला पोरं हात लावेनात. शेवटी वाढदिवसांच्या रिटर्न गिफ्टमध्ये अर्ध्या भावानं घालवली. तेव्हा 'परत घेतो' हे शब्द बिलावर लिहून घ्या, आणि आयपीएलचा माल मार्चमध्ये घ्या, मे महिन्यात नाही.

सुट्या कार्डांसाठी सर्वांत चांगला रस्ता म्हणजे संग्रह विकत घेणं. सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा या टापूत आता चाळिशी-पन्नाशीत आलेली मंडळी आहेत, ज्यांनी १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगममधली धावा-विकेटांची कार्डं जमवली, नंतर पैलवानांची ट्रम्प कार्डं जमवली आणि मोठं झाल्यावर पुन्हा हौस म्हणून परदेशी कार्डं घेतली. कुणी घर बदलतं, कुणाला पैशांची निकड लागते. सगळा गठ्ठा घेताना ज्या कार्डांना नक्की गिऱ्हाईक आहे तेवढ्यांच्याच झालेल्या भावाची बेरीज करा आणि तिच्या निम्म्यावर सौदा तोडा. उरलेली फुकट आली असं समजा. समोरच्याला हा हिशेब उघड सांगितला तरी चालतो, मी तर सांगतोच. पैसे देताना साध्या कागदावर पावती, सही आणि तारीख घ्या. पुढं कर भरताना तो कागद कामाला येतो.

परदेशातून मागवायचं असेल तर विक्रीसाठीच्या आयातीला आयात-निर्यात कोड लागतो, आणि सीमाशुल्क व आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो तो वस्तूच्या नव्हे, भाड्यासह येणाऱ्या किमतीवर. 'गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. भेटवस्तूची ती सवलत २०१९ च्या अखेरीस गेली, आणि खोटं लिहिलेलं पाकीट अडकलं तर सोडवायला तुम्हीच.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. खेळाडूचा फोटो नेटवरून घेऊन, छापखान्यात चकचकीत कागदावर छापून 'कस्टम कार्ड' म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. फोटो दुसऱ्याचा, संघाचं चिन्ह दुसऱ्याचं, खेळाडूचं नाव त्याचं स्वतःचं. यात तुमचं काहीच नाही, खटला मात्र तुमचा होऊ शकतो. खाशाबा जाधवांचं कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही आणि ते असावं असं मला मनापासून वाटतं, पण ते रीतसर परवानगी घेऊन कुणीतरी काढावं.

लाइव्ह व्हिडिओवर डबा फोडायचा आणि त्यातून निघणाऱ्या कार्डांतल्या 'जागा', म्हणजे वाटे, आधीच विकायचे, अशी टूमही आहे. कुणाला पाच हजारांचं कार्ड लागतं, कुणाला काहीच नाही. नशिबावर पैसे लावण्याकडं कायदा कसा बघतो ते वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मी तर विचारूनही जाणार नाही.

कागदपत्रं, आणि नोंदणीचा खरा प्रश्न

दोन-चार माणसांचंच दुकान असेल तर महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की काम होतं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आणि चालू खातं बँकेत निघतं. ही सगळी आठवड्याभराची कामं.

जीएसटीकडं मात्र नीट बघा. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे अर्धंच खरं. राज्याबाहेर एक जरी कार्ड विकलं तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळावरून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी साध्या नावनोंदणीवर काम भागवता येतं. नोंदणी असेल तर अशी संकेतस्थळं तुमच्या विक्रीतून जीएसटीपोटी अर्धा टक्का कापून भरतात. तो वहीत न लिहिल्यामुळं 'पैसे कमी आले' म्हणून भांडणारे मी पाहिलेत.

खाजगी माणसाकडून घेतलेल्या वापरलेल्या मालावर, खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर, पूर्ण विक्रीवर नव्हे तर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याची सोय नियमांत आहे. कार्डांच्या धंद्यात ही फार मोलाची. ती तुमच्या मालाला कशी लागू करायची आणि एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा) कोणता धरायचा, हे सीएकडून लेखी घ्या. छापील कागद आणि खेळाचं साहित्य यांचे दर वेगळे असतात.

स्वतःचं संकेतस्थळ काढलंत तर नाव, पत्ता, माल परत घेण्याचे नियम आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव ठळक द्यावं लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

पाऊस, पूर आणि कपाट

परदेशी मार्गदर्शनात हे कुठं लिहिलेलं नसतं. कार्ड हा कागद आहे, आणि आपण कृष्णेच्या काठी राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गावभागातल्या जुन्या घरात माझी लहानपणची पैलवानांची ट्रम्प कार्डं पत्र्याच्या डब्यात खालच्या फळीवर होती. पाणी उतरल्यावर डबा उघडला तर आत कार्डं नव्हती, एकच वीट होती. हरिपूरच्या पेवांत (जमिनीत खणलेल्या कोठारांत) हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण २००५ च्या पुरानं तिथली कितीतरी पेवं गेली. मग आपल्या खोक्यांचं काय घेऊन बसलात?

पूररेषेत राहत असाल तर माल वरच्या मजल्यावर, आणि दुकानाचा विमा घेताना पुराचं कलम वाचूनच सही. पूर नसला तरी जून ते सप्टेंबर हवेतली ओल कार्डाला बाक आणते, विशेषतः चकचकीत पन्नीच्या कार्डांना. घट्ट झाकणाचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला त्या बदलायच्या. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाळ्यात पाकिटाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच, पोस्टमनच्या सायकलवर छप्पर नसतं.

तीन महिन्यांची परीक्षा

आता निर्णयाकडं. संकेतस्थळ, लोगो, नाव छापलेली पाकिटं यांवर अजून एक रुपया घालू नका. इन्स्टाग्रामचं पान फुकट आहे. दहा हजारांच्या आत भांडवल, चाळीस कार्डं, तीन महिने. गिऱ्हाईक या काळात महाराष्ट्रातलंच ठेवा, म्हणजे नोंदणीचा प्रश्न येत नाही. मुंबई-पुण्यात संग्राहक कमी नाहीत.

प्रत्येक कार्डाचा दोष स्वतःहून सांगा: 'डाव्या कोपऱ्याला पांढरं, मागं बारीक ओरखडा'. त्यानं भाव थोडा उतरतो, पण माल परत येणं जवळजवळ बंद होतं. हजाराच्या वरचं कार्ड पॅक करतानाचा अखंड व्हिडिओ ठेवा. पाठवताना पोस्टात पाच रुपये जादा भरून ओटीपीवर पाकीट द्यायची सोय घ्या, म्हणजे 'मला मिळालंच नाही' हा वाद मिटतो. शाळकरी पोरगा आईच्या फोनवरून पैसे पाठवतोय असा संशय आला तर आईशी बोला. दोनशे रुपयांसाठी कुणाच्या घरात भांडण लावू नये.

तीन महिन्यांनी वहीला तीन गोष्टी विचारा. निम्मी तरी कार्डं गेली का? सगळा खर्च जाऊन तासाला परवडण्याइतके सुटले का? आणि घेतलेल्यांपैकी किती जण परत आले? पहिल्या दोन्हींपैकी एकालाही 'नाही' आलं तर दुकान काढू नका. छंद म्हणून राहू द्या, त्यात काही कमीपणा नाही. दोन्ही जमलं पण परत कुणीच आलं नाही, तर आणखी तीन महिने थांबा. तिन्ही जमलं तरच नोंदणी, मग राज्याबाहेरची विक्री, आणि सगळ्यात शेवटी संकेतस्थळ.

चौथा प्रश्न आकड्यात बसत नाही. तुम्हाला विकवतं का? संग्राहकाला चांगलं कार्ड हातातून सुटत नाही, दुकानदाराला तेच आधी विकावं लागतं. भाचा पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांना 'ते गेलं' असं खोटं सांगून तीन कार्डं स्वतःच्या अल्बममध्ये ठेवून बसला होता. मी वही तपासली तेव्हा सापडलं. त्यावर आम्ही दोन डबे केले, 'घरचा' आणि 'दुकानचा'. एकदा दुकानच्या डब्यात पडलेलं कार्ड घरी आणायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या भावानं गल्ल्यात पैसे टाकायचे.

तीन महिन्यांनी चाळीसपैकी तेवीस कार्डं गेली होती, तासाला एकशे दहा रुपये सुटले होते, आणि चार माणसं दोनपेक्षा जास्त वेळा आली होती, त्यातला एक सोलापूरचा आणि एक आमच्याच गल्लीतला. भाच्यानं नोकरी सोडलेली नाही. पुढच्या आयपीएलपर्यंत अजून ऐंशी कार्डं फिरवून बघायची ठरलंय. माझ्या दुकानातला खालचा कप्पा त्यानं मागितला होता. मी त्याला वरचा दिला.